दीडशे फ्रँक आणि गाडीची डिकी: जर्मनीतून स्वित्झर्लंडमध्ये किराणा आणि दारू आणताना

झुरिक, विंटरथूर, शाफहाउसेन, बाझल या पट्ट्यात राहणाऱ्यांचा शनिवारचा बाजार बऱ्याचदा जर्मनीत होतो. कोन्स्टान्झ, येस्टेटेन, वाल्ड्सहूट, लोराख, वाइल आम राइन ही गावं सीमेला लागून किंवा अगदी जवळ आहेत, आणि तिथल्या सुपरमार्केटांच्या पार्किंगमध्ये स्विस नंबरप्लेटच्या गाड्या रांगेने उभ्या असतात. चिकन, मटण, डायपर, शाम्पू यांचे भाव स्वित्झर्लंडपेक्षा बरेच उतरलेले. जाताना कुणी काही विचार करत नाही. येताना डिकी गच्च भरलेली असते, सीमा दोन किलोमीटरवर येते आणि मग मागच्या सीटवरून प्रश्न सुरू होतात. वाइन किती चालते? चिकन जास्त झालं का? बिल दीडशेच्या वर गेलं का?

नियम मोजके आहेत. गोंधळ होतो तो दोन वेगळे हिशेब एकात कालवल्यामुळे. एक हिशेब फ्रँकचा, दुसरा किलो-लिटरचा. दोन्ही एकाच वेळी लागू होतात आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शिवाय आपण घाबरतो तेही भलत्याच गोष्टीला: वाइनच्या बाटल्या चारचारदा मोजतो, आणि खिशाला खरी चाट बसते ती मटणाने.

नवीन आलेल्यांचा नेहमीचा प्रश्न आधी संपवू. शेंगेन (सीमेवर पासपोर्ट न तपासता ये-जा करू देणारा युरोपीय देशांचा गट) असताना कस्टम कशाला? स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही आणि संघाच्या कस्टम व्यवस्थेतही नाही. शेंगेन माणसांसाठी, सामानाचा हिशेब सीमेवर आजही द्यावा लागतो. माणसांचं म्हणाल, तर जर्मनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्विस सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली. त्यामुळे पासपोर्ट आणि स्विस परमिट दोन्ही गाडीत हवेत. आई-बाबा भारतातून आले असतील आणि फिरायला म्हणून सोबत असतील, तर त्यांचेही पासपोर्ट घ्या.

पहिला हिशेब: फ्रँकचा

१ जानेवारी २०२५ पासून माणशी, दिवसाला १५० फ्रँकपर्यंतच्या सामानावर स्विस व्हॅट लागत नाही. त्याआधी ही मर्यादा ३०० होती, आणि ओळखीपाळखीतून मिळणारे बरेच सल्ले अजून त्या ३०० वरच अडकलेले आहेत. मर्यादा गाडीतल्या प्रत्येकाला मिळते. मुलांनाही, आणि पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांनाही. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर किराण्यासाठी ६०० फ्रँक झाले. मात्र माणूस गाडीत हवा. घरी बसलेल्या शेजाऱ्याच्या वाट्याचे १५० आपल्याला वापरता येत नाहीत. आणि सकाळी एक फेरी, संध्याकाळी दुसरी, असं केलं तरी सूट दिवसातून एकदाच.

मर्यादा ओलांडली की काय होतं, हे नीट समजून घ्या. व्हॅट फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, पूर्ण रकमेवर लागतो. एकट्याने १८० फ्रँकचा किराणा आणला, तर कर १८० वर. ऐकायला हे भयंकर वाटतं, म्हणून आकडा मांडून बघा. खाण्यापिण्याच्या वस्तूंवर स्विस व्हॅट २.६ टक्के आहे, म्हणजे कर झाला ४ फ्रँक ६८ सेंट. झुरिकमध्ये एका कॉफीचे पैसे. दारू, साबण, कपडे, भांडी यांवर ८.१ टक्के, म्हणजे तेच १८० फ्रँकचं सामान या प्रकारचं असतं तर सुमारे साडेचौदा फ्रँक. एवढ्यासाठी डिकीत चादरीखाली पिशव्या सरकवणारी माणसं आहेत. पकडलं गेलं तर कर भरावाच लागतो, वर दंड, आणि कायद्यानुसार तो चुकवलेल्या शुल्काच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो.

किंमत मोजताना एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. बिलावर जर्मन कर वेगळा दाखवलेला असेल, तर तो वजा करून उरलेली रक्कम धरली जाते. जर्मनीत बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के आणि इतर वस्तूंवर १९ टक्के कर असतो, आणि तो बिलाच्या तळाशी छापलेला असतो. १०७ युरोंचा निव्वळ किराणा म्हणजे हिशेबासाठी १०० युरो. फ्रँक युरोपेक्षा किंचित महाग असल्याने आणखी थोडी जागा मिळते. पण हे सगळं बिल हातात असेल तरच. बिल कचऱ्याच्या डब्यात गेलं, की अधिकाऱ्याने केलेला अंदाज मान्य करावा लागतो.

या दीडशेत काय काय धरायचं? दारू, सिगारेट, कुणासाठी घेतलेली भेटवस्तू, सगळं. गाडीची सर्व्हिसिंग जर्मनीत करून घेतली असेल तर तिचं बिलसुद्धा, हे फार जणांना माहीत नसतं. धरायचं नाही ते म्हणजे अंगावरचे कपडे, फोन असं आपलं नेहमीचं सामान आणि प्रवासात खाण्यापुरतं खाणं. टाकीतलं पेट्रोलही मोजत नाहीत, आणि वेगळ्या कॅनमध्ये गाडीमागे २५ लिटरपर्यंत चालतं.

एका वस्तूची किंमत दीडशेच्या वर असेल, तर चौघांची मर्यादा एकत्र करून ती वाचवता येत नाही. ४०० फ्रँकचा मिक्सर घेतला तर गाडीत कितीही माणसं असोत, त्या ४०० वर कर भरायचा.

दुसरा हिशेब: किलो आणि लिटरचा

काही ठरावीक वस्तूंवर व्हॅटखेरीज सीमाशुल्क लागतं, आणि ते किमतीवर नसून वजनावर किंवा लिटरवर असतं. माणशी, दिवसाला, शुल्काशिवाय एवढं आणता येतं:

मांस आणि मांसाचे पदार्थ: १ किलो. त्यापुढे १० किलोपर्यंत दर किलोला १७ फ्रँक, त्याच्याही वर २३ फ्रँक.
लोणी आणि क्रीम मिळून: १ किलो किंवा लिटर. त्यापुढे किलोला १६ फ्रँक.
तेल, वनस्पती तूप, मार्गारिन: ५ किलो किंवा लिटर. त्यापुढे २ फ्रँक.
१८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली पेयं: ५ लिटर. त्यापुढे लिटरला २ फ्रँक.
१८ टक्क्यांच्या वरची: १ लिटर. त्यापुढे लिटरला १५ फ्रँक.
सिगारेट किंवा सिगार २५० नग, किंवा इतर तंबाखू २५० ग्रॅम.

या यादीत जे नाही, त्याला वजनाची मर्यादा नाही. दूध, दही, चीज, पनीर, अंडी, पीठ, तांदूळ, डाळी, भाजी, फळं कितीही आणा. फक्त पहिला हिशेब सांभाळा. आपल्याकडे पाडव्याला श्रीखंडासाठी क्वार्क (चक्क्यासारखं ताजं चीज) किलोकिलोने लागतो, तोही मोकळा. मासे आणि कोळंबी मांसात धरत नाहीत, त्यामुळे फ्रोझन सुरमई-बांगड्याची पिशवी मिळाली तर निर्धास्त घ्या.

लक्ष ठेवायचं ते मांस आणि लोण्यावर. बिर्याणीचा बेत ठरला, नवरा-बायको दोघंच गेले आणि ६ किलो मटण घेतलं, तर दोन किलो माफ आणि चार किलोंवर ६८ फ्रँक शुल्क. म्हणजे जेवढं वाचवायला गेलो त्यातलं बरंच तिथेच गेलं. सॉसेज, हॅम, सलामीही या एक किलोतच मोजतात. नाश्त्यासाठी सहज टाकलेली दोन पाकिटं विसरू नका. इथे मुलांचा वाटा कामाला येतो, कारण खाण्याच्या मर्यादा वयाप्रमाणे बदलत नाहीत. चौघांचे ४ किलो.

घरी तूप कढवणाऱ्यांचं गणित लोण्याशी. २५० ग्रॅमच्या चार वड्या म्हणजे एका माणसाचा वाटा संपला, आणि त्याच वाट्यात पास्त्यासाठी घेतलेलं क्रीमही बसायचं आहे. भारतीय दुकानातून घेतलेला तयार तुपाचा डबा मी लोण्याच्याच हिशेबात धरते आणि विचारलं तर तसंच सांगते. शेंगदाण्याचं, खोबरेल, सूर्यफुलाचं तेल मात्र पाच लिटरच्या सदरात जातं, आणि त्यात सहसा कुणी अडकत नाही.

दारूचं गणित

वय १७ पूर्ण असेल तरच दारू आणि तंबाखूची सूट मिळते. म्हणून चौघांच्या कुटुंबात मुलं लहान असतील तर हिशेब दोघांचाच: सौम्य पेयं १० लिटर, कडक २ लिटर. आणि हे दोन्ही वाटे स्वतंत्र आहेत, एक घेतला म्हणून दुसरा जात नाही.

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची. सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर, एका माणसाच्या पाचात आरामात. दोघांच्या बारा बाटल्या म्हणजे नऊ लिटर. बिअर वेगळी नाही, तीही याच पाच लिटरमध्ये मोजतात. अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्यांचा जर्मन क्रेट म्हणजे बरोबर दहा लिटर. तो उचलला की दोघांचा वाटा संपला आणि त्या दिवशी वाइनच्या प्रत्येक लिटरवर शुल्क.

पण हे शुल्क आहे किती? दोघांनी अठरा बाटल्या वाइन आणली, साडेतेरा लिटर झाली. साडेतीन लिटर जास्त. सात फ्रँक. चांगल्या वाइनच्या एका बाटलीहूनही कमी. त्यामुळे घरी मोठं जेवण असेल आणि तिकडे मनासारखी वाइन दिसली, तर मर्यादेसाठी मन मारू नका. घ्या, जाहीर करा, सात फ्रँक भरा. व्हॅटची मर्यादा मात्र वाइनमुळे लवकर भरते, आणि त्यावरचा दर ८.१ चा आहे, हे डोक्यात असू द्या.

कडक दारूत हिशेब आवळलेला आहे. व्हिस्की-रमची बाटली ७०० मिलिलिटरची असते. एकट्याने दोन घेतल्या तर ४०० मिलिलिटर जास्त, म्हणजे साधारण सहा फ्रँक. दोघांनी दोन घेतल्या तर काहीच नाही.

१८ टक्के ही रेघ लेबल वाचून ठरवायची, नावावरून नाही. आयरिश क्रीम लिकर सहसा १७ टक्के असते, म्हणून ती पाच लिटरच्या सदरात. अॅपेरॉल ११ टक्के, तेही तिथेच. कांपारी २५ टक्के, ती कडक. सर्वांत फसवी पोर्ट वाइन: पोर्तुगालच्या पोर्टवर १९ किंवा २० टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे नाव वाइनचं असूनही ती एक लिटरच्या सदरात पडते.

डिकी भरताना

सामान कसं ठेवलंय यावर सीमेवरचा वेळ ठरतो. मांस आणि लोणी एका थंड पिशवीत, दारू एका बाजूला, बाकी किराणा मागे. सगळी बिलं एका पाकिटात, ते पुढच्या सीटवर. पैसे देऊन झाल्यावर गाडीत बसण्याआधीच दोन मिनिटं घ्या: बिलांची बेरीज, कर वजा, माणसांनी भागा, मग मांसाचे किलो आणि बाटल्यांचे लिटर. सीमेवरच्या रांगेत हे कुणाला जमत नाही.

दुसऱ्यांसाठी आणायचं असेल तर जरा थांबा. ही सगळी सूट स्वतःच्या वापरासाठी आणि भेट देण्यासाठी आहे. मैत्रिणीने पैसे दिले आणि तिच्यासाठी पाच लिटर वाइन आणली, किंवा मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाचं सामान भरलं, तर ते या सवलतीत बसत नाही. अशा वेळी अधिकारी हजर असलेल्या नाक्यावर जाऊन सरळ सांगावं.

वार बघून निघा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. ३ ऑक्टोबरला जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी, इकडे स्वित्झर्लंडमध्ये कामाचा दिवस. तिकडे गेलात तर कुलपं दिसतील. उलट १ ऑगस्टला स्वित्झर्लंड बंद आणि जर्मनी चालू, म्हणून त्या दिवशी कोन्स्टान्झला गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं. मंगळवार-बुधवारची संध्याकाळ सगळ्यांत सुखाची.

सीमेवर

मर्यादेच्या आत असाल तर काही जाहीर करायचं नाही. गाडी थांबवली आणि अधिकाऱ्याने काय आणलंय असं विचारलं, तर नेमकं सांगा: दोन माणसं, दीड किलो चिकन, सहा बाटल्या वाइन, बाकी किराणा, एकूण अमुक युरो. तुमचं उत्तर हीच तुमची जाहीर घोषणा असते. “काही नाही” म्हणालात आणि डिकीत निघालं, की ती नुसती तोंडी चूक राहत नाही.

मर्यादेच्या वर असाल तर तीन रस्ते आहेत. अधिकारी हजर असलेल्या नाक्यावर थांबून स्वतःहून सांगणं, हा सर्वांत सोपा. बिलं द्या, ते हिशेब करतात, कार्डाने पैसे भरा. छोट्या, माणूस नसलेल्या नाक्यांवर जिथे घोषणापेटी असते, तिथे फॉर्म भरून टाकता येतो. तिसरा रस्ता म्हणजे कस्टम खात्याचं क्विकझोल हे ॲप, जे २०१८ पासून आहे.

ॲपचं काम सीमा ओलांडण्याआधी, जर्मनीतल्या पार्किंगमध्येच उरका. माणसं किती, सामानाची किंमत किती, मांस-दारू किती हे भरलं की ॲप स्वतः शुल्क आणि व्हॅट काढतं. कार्डाने पैसे भरताना दोन तासांची वेळ निवडायची, आणि त्या वेळेत कुठल्याही नाक्याने आत यायचं. पावती फोनमध्ये ठेवा. थांबवलं तर दाखवायची. हे ॲप आलं तेव्हा सगळ्या सामानावर एकच प्रमाण दर लावत असे, म्हणून पैसे भरण्याआधी दर वाचायची सवय ठेवा. पिशव्यांमध्ये नुसता किराणा आहे आणि हिशेब ८.१ टक्क्यांनी दिसतोय, तर माणूस असलेल्या नाक्यावर जा आणि २.६ टक्क्यांनी भरा.

जर्मन कर परत मिळवायचा असेल तर

स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्याला जर्मन व्हॅट परत मिळू शकतो. एका दुकानातलं बिल ५० युरोंच्या वर हवं; ही अट जानेवारी २०२० पासून आहे. काउंटरवर ‘आउसफूरशाइन’, म्हणजे सामान देशाबाहेर नेल्याचा फॉर्म, मागा. सीमेजवळच्या दुकानात एवढा एक शब्द पुरतो. त्यावर नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर भरा. मग निघताना जर्मन कस्टमच्या खिडकीवर बिल, फॉर्म, परमिट आणि सामान दाखवून शिक्का घ्या. सामान सोबत असतानाच शिक्का मिळतो, म्हणून त्या नाक्यावर माणूस किती वाजेपर्यंत असतो हे आधी बघून ठेवा. शिक्का मारलेला कागद पुढच्या खेपेला त्याच दुकानात दिला की पैसे परत. १०७ युरोंच्या किराण्यावर ७, आणि ११९ युरोंच्या शाम्पू-डायपर-वाइनवर १९ युरो. नुसत्या भाजी-दुधासाठी शनिवारच्या रांगेत उभं राहण्यात मला अर्थ वाटत नाही. भांडी, वाइन, बाळाचं सामान असेल तर जरूर राहावं.

दीडशे फ्रँकच्या आत राहिलात आणि जर्मन करही परत घेतलात, तर तुम्ही दोन्हीकडे कर न भरता सामान आणता. हे पूर्ण कायदेशीर आहे. स्विस दुकानदार यावरच वर्षानुवर्षं ओरड करत होते, आणि ३०० ची मर्यादा १५० वर आली ती त्या दबावामुळेच.

इतर शेजाऱ्यांकडे कर परतीची किमान रक्कम वेगळी आहे: ऑस्ट्रियात ७५ युरोंच्या वर, इटलीत २०२४ पासून ७० च्या वर, फ्रान्समध्ये १०० च्या वर. स्विस बाजूच्या मर्यादा मात्र कुठल्याही शेजाऱ्याकडून आलात तरी त्याच.

नकाशातल्या गमती आणि भारतातून येणारी पिशवी

लिकटेनस्टाइनहून येताना यातलं काहीच लागू नाही, कारण १९२३ च्या करारापासून तो देश स्वित्झर्लंडच्याच कस्टम क्षेत्रात आहे. ब्यूझिंगेन हे गाव जर्मनीचं, पण चारी बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेलं आणि स्विस कस्टमच्या हद्दीत. याउलट साम्नाउन हे स्वित्झर्लंडचंच गाव कस्टमच्या हद्दीबाहेर, करमुक्त. तिथून स्वस्त दारू भरून खाली उतरताना हाच सगळा हिशेब द्यावा लागतो.

जर्मनीच्या सवयीवर जाऊन भारतातून येताना तसंच करू नका. युरोपीय संघातून आणलेलं मांस, दूध, लोणी चालतं. भारतातून आणलेलं चालत नाही. आईने बांधून दिलेले पेढे, बर्फी, घरचं तूप, कितीही थोडं असलं तरी बंदीच्या यादीत. ताजी फळं-भाज्याही २०२० पासून रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय येत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही गेली. नारळ, केळी, अननस, खजूर, ड्यूरियन एवढे अपवाद. गोव्याची फेणी मात्र येते. ती १८ टक्क्यांच्या बरीच वर असते, म्हणून माणशी एक लिटरच्या वाट्यात.

स्वित्झर्लंडमधून जर्मनीत मित्राकडे जाताना दारू न्यायची असेल तर तिकडचे आकडे लागतात: १७ वर्षांवरच्या माणसाला ४ लिटर वाइन, १६ लिटर बिअर, आणि त्याखेरीज २२ टक्क्यांच्या वरची १ लिटर किंवा त्याच्या आतली २ लिटर. इतर सामान ३०० युरोंपर्यंत, १५ वर्षांखालच्या मुलांना १७५ युरोंपर्यंत. सीमेला लागूनच राहणाऱ्यांना या मर्यादा आणखी कमी आहेत, त्यामुळे क्रॉइत्सलिंगेनकरांनी हे आकडे आपले समजू नयेत.